ब्रेक शोधणारा पाय

नशिराबादच्या रस्त्यावर जीप चालवणारा तो, जळगावच्या व्हिडिओ सेंटरमध्ये माझ्या शेजारी बसायचा. फ्रेंच विनोदी सिनेमात गाड्यांचा पाठलाग लागला की भाषा न कळताही खो-खो हसायचा. उजवा पाय मात्र फरशीवर ब्रेक शोधत असायचा.

एकदा भुसावळची रेल्वे चुकेल म्हणून मी त्याच्या जीपमध्ये घायकुतीला आलो. पुढे केळीचा ट्रक होता आणि मागच्या बाकांवर बायामाणसं. मला त्यांचंही भान नव्हतं.

"काढा ना पुढे! सिनेमात बघता तसं!"

"भाऊ, तठे सिनेमामा गाडी चेपायनी तरी माणूस हासत बाहेर निंघस," ट्रकवरची नजर न हलवता तो म्हणाला. "आठे, या रस्तावर, नही."

मी पुन्हा ओरडणार, तोच वळणावरून समोरून आलेली एसटी ट्रकला जवळजवळ घासून गेली. माझा उजवा पाय खालच्या पत्र्यावर घट्ट दाबलेला होता.