भिंतीवरचे कैलासवासी

भास्करदादा माझा सख्खा भाऊ, त्यामुळे त्याची चेष्टा करायचा पहिला हक्क माझा. जन्म कोथरूडचा, मुंज रीतसर झालेली, आणि नोकरी ॲडलेडला सेंट एडिथ्स कॉलेजात. हे कॉलेज म्हणजे चर्चने युनीतल्या, म्हणजे युनिव्हर्सिटीतल्या, मुलांसाठी काढलेलं जुनं वसतिगृह. तिथले गळके नळ, बॉयलर आणि छपरं बघायची, एवढंच दादाचं काम. पण त्याला वेड लागलं इतिहासाचं.

साउथ ऑस्ट्रेलियात चर्चची कॉलेजं कशी निघाली, हे तो कुणालाही आणि कुठेही सांगतो. एका पंथाने युनीजवळ कॉलेज काढलं, मग दुसऱ्याला चैन पडेना, तोवर तिसरा जागा बघायला लागला. गणपतीची आरती संपून लोक प्रसादाच्या रांगेत उभे असतात आणि हा त्यांना अँग्लिकन आणि मेथडिस्ट यांच्यातला फरक समजावत असतो. आपल्याकडे एका गल्लीत तीन मंडळं असतात तसंच हे, असं त्याचं म्हणणं. लोक माना डोलावतात, कारण रांग सोडली तर शिरा जातो.

कॉलेजच्या स्थापना दिनाचं भाषण आपण करावं, ही त्याची फार जुनी इच्छा. दरवर्षी चर्चचंच कुणीतरी बोलायचं. यंदा नव्या प्रिन्सिपल हेलनबाईंनी त्याला संधी दिली, तर कॉलेजच्या कौन्सिलमध्ये कुरकुर झाली: ज्याचं चर्चच नाही, त्याने हा इतिहास का सांगायचा? हेलनबाईंनी ते दादाच्या कानावर घातलं आणि म्हणाल्या, यंदा चांगलं झालं तर पुढे दरवर्षी तूच. ती कुरकुर त्याला लागली होती, आणि मला त्याच्याहून जास्त लागली होती.

समारंभाला शोभा यावी म्हणून त्याने चित्रलेखावहिनीला पुण्याहून चंदनाचे हार आणायला लावले. डायनिंग हॉलच्या भिंतीवर माजी प्रिन्सिपलांची तैलचित्रं आहेत, त्यांना घालायला. आपल्याकडे शाळेच्या किंवा सहकारी बँकेच्या भिंतीवर माणूस चढतो तो गेल्यावरच. दादाने तोच हिशेब इथे लावला होता. इथे मात्र प्रिन्सिपल रिटायर झाला की चित्र लागतं, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नाही.

शेवटचं चित्र रेव्हरंड पिम यांचं; त्यांच्यानंतरचे प्रिन्सिपल रिटायर व्हायच्या आधीच दुसरीकडे गेले, म्हणून त्यांची चित्रं लागली नाहीत. दादा नोकरीला लागला तेव्हा ते रिटायर होऊन गाव सोडून गेले होते. ते रोज संध्याकाळी बॉयलरची चौकशी करायचे, असं एका जुन्या माळ्याने दादाला सांगितलं होतं. दादाच्या तोंडी त्याचं झालं असं, की शेवटचा श्वास घेताना रेव्हरंड म्हणाले, ‘पोरांना गरम पाणी मिळालं का?’ नव्या मुलांना कॉलेज दाखवताना तो हे दरवर्षी सांगायचा, आणि मुली डोळे पुसायच्या. हे तुला कुणी सांगितलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, इतिहासाला थोडी फोडणी लागते.

समारंभाच्या दिवशी वहिनी आणि मी मागच्या टेबलावर होतो. हार सुरेख दिसत होते. तेवढ्यात काठी टेकत एक उंच म्हातारे गृहस्थ आत आले आणि थेट शेवटच्या चित्राखाली जाऊन उभे राहिले. हेलनबाई कौतुकाने म्हणाल्या, सरप्राइज! हे रेव्हरंड पिम, वय एक्याण्णव, हल्ली इथेच मुलीकडे राहायला आलेत.

वहिनीने माझा हात घट्ट धरला. दादाने चित्राकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. रेव्हरंड हाराचा वास घेत होते. छान आहे, म्हणाले, याचा अर्थ काय? दादा उत्तर देणार तोच हेलनबाईंनी त्याला भाषणाला बोलावलं.

त्या हारांचा अर्थ हॉलमध्ये आम्हा तिघांनाच माहीत होता. स्वागताचे हार आहेत, असं म्हणून दादाने वेळ मारून नेली असती तर मी चकार शब्द काढला नसता. कौन्सिलची मंडळी पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. दादाने भाषणाचा कागद खिशात घातला.

“रेव्हरंड, हा हार आम्ही गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतो. इतकी वर्षं मी मुलांना तुमच्या मरणाची गोष्ट सांगत आलो. तुमचे शेवटचे शब्दही मीच रचले. आय ॲम व्हेरी सॉरी.” मग अगदीच राहवेना म्हणून पुढे म्हणाला, “पण आमच्यात अशी समजूत आहे, की जिवंत माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली तर त्याचं आयुष्य वाढतं.”

रेव्हरंडना कमी ऐकू येतं. हेलनबाईंना हे सगळं त्यांच्या कानाशी पुन्हा ओरडून सांगावं लागलं. रेव्हरंडनी विचारलं, ते शेवटचे शब्द कोणते? दादाने सांगितले. मुलांना आवडायचे का? रडायची मुलं, दादा म्हणाला.

म्हातारा खुर्चीत बसला. मी इथून गेल्यावर कॉलेजातून मला एक फोन आला नाही, म्हणाला, ख्रिसमसलासुद्धा नाही. मला वाटलं होतं, विसरले सगळे.

“माझ्या फ्युनरलला तूच बोल, मेट. चर्चला मी सांगून ठेवतो.”

पहिल्या रांगेतल्या घड्या सुटल्या आणि टाळ्या सुरू झाल्या. प्रसादाच्या रांगेत ज्याला आवरता येत नाही, तो माझा भाऊ माइक सोडून रेव्हरंडच्या खुर्चीपाशी जाऊन बसला. मीही रडत होते, खोटं कशाला बोलू.

आता दरवर्षीचं भाषण त्याचंच आहे. शिवाय तो रोज रेव्हरंडना फोन करतो, जेवलात का, गोळ्या घेतल्या का. मी डॉक्टर, म्हणून त्यांचे रिपोर्ट मला पाठवून माझं डोकं खातो. परवा मी सहज विचारलं, फ्युनरलच्या भाषणाची काही तयारी?

“तो विषय काढू नकोस,” म्हणाला आणि फोन ठेवला. माझ्या भावाला एखादं भाषण नको झालंय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.