साडूंच्या खोक्याला आणखी एक ट्विटर

समोरच्या माणसाला दोन मिनिटांत पुरतं गोंधळात पाडायची विद्या आमच्या साडूंइतकी अख्ख्या सोलापुरात कुणालाही साधलेली नाही. स्पीकर घरीच बनवायचे, हे त्यांचं वेड. उभा जन्म एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर गेला, त्यामुळे खासगीतलंसुद्धा ते चार मागांपलीकडून ओरडल्यासारखं बोलतात. नवरा-बायकोचं भांडण झालं की गल्लीला फक्त त्यांचीच बाजू कळते. करमाळ्याला दिलेल्या लेकीनं नातीचा व्हिडिओ पाठवला, तिथून हे वेड हाताबाहेर गेलं. चिमी नुकती चालू लागली होती आणि तिच्या पायांत साडूंनीच घेतलेली पैंजणं होती. "पाव्हणं, पैंजणं कुटं वाजत्यात? ह्यो फोनच भिकार हाय. ती ऐकू येतील असं खोकं बनवतो का न्हाय बघा!" मला तर ती ऐकू आली होती. पण आवाजाच्या बाबतीत साडूंपुढं आपल्या कानांचं काय घेऊन बसायचं, म्हणून मीही फोनलाच दोष दिला.

पहिल्या खोक्यात नुसता जाड आवाजाचा एक वूफर होता. ते धाडधाड वाजलं. मग बारीक आवाजाला ट्विटर आला, आणि दोघांत आवाजाची वाटणी करायला क्रॉसओव्हर. "जाड सूत खाली, बारीक सूत वर. लई सोपं हाय की!" मी मान डोलावली आणि तिथंच फसलो. पुढच्या रविवारी मधल्या आवाजाला तिसरा स्पीकर आला, क्रॉसओव्हर बदलला, आणि कुठलं सूत कुठं चाललंय हे ब्रह्मदेवानं सांगितलं असतं तरी मला कळलं नसतं. कधी म्हणायचे, "स्पीकर जितकं कमी तितकं बरं, आपसांत भांडत न्हाईत." आणि चहा येईपर्यंत आणखी एक ट्विटर बसलेला! मेहुणी वैतागायची, "अवो, कानात सुया टोचत्यात!" "तुला न्हाय कळायचं," हे ठरलेलं उत्तर. मलाही काही कळत नव्हतं, फक्त दातांतून कळ जायची.

दिवाळीला चिमी आली. साडूंनी मोठ्या थाटात तोच व्हिडिओ लावला. खोकं किंचाळलं. पोरीनं दोन्ही कान दाबून धरले आणि भोकाड पसरलं. "अजून न्हाईत वाजत पैंजणं," म्हणत साडू खोक्याशी वाकले होते, त्यांनी मान वर केली. चिमीचे हात कानांवर, मेहुणीचे कानांवर, माझेही. ते एकेकाकडे बघत राहिले. मग बटण बंद केलं. "म्हंजी पैंजणं पयल्यापासनं वाजत हुती?" जन्मात पहिल्यांदा ते इतकं हळू बोलले, की ऐकायला मला पुढं सरकावं लागलं. "हो," मी म्हणालो. मागांच्या खडखडाटानं त्यांच्या कानांतले बारीक आवाज केव्हाच नेले होते, आणि आम्ही शहाणे खोक्याला नावं ठेवत बसलो होतो.

थोड्या वेळानं चिमी रडणं विसरून अंगणात पळू लागली. साडू पायरीवर बसले होते. "पाव्हणं, कशी वाजत्यात? सांगा की."

आता आली का पंचाईत! पैंजणांचा आवाज सांगायचा तरी कसा? शेवटी त्यांचा तळहात पुढं ओढला आणि तिच्या पावलागणिक त्यावर बोटानं टकटक करत राहिलो. साडूंनी डोळे मिटून घेतले. चिमी सुसाट पळत होती, आणि माझं बोट मागं पडत होतं.