पेटीच्या लाकडाचं स्टूल

आमच्या घरात चार पिढ्या सुतारकी चालली. पाचव्या पिढीत मी निपजलो.

लहानपणी बाबांनी मला सागवानात खिळा ठोकायला दिला. पहिला वाकला, दुसरा वाकला, तिसऱ्या वेळी हातोडी अंगठ्यावर बसली. बाबा म्हणाले, "तू शाळेतच जाय." म्हणून मी आज राईस मिलमध्ये मशीन चालवतो.

गेल्या मे महिन्यात मिलमध्ये तांदूळ निवडायचं नवं मशीन आलं, पाइनच्या भल्यामोठ्या पेटीत. मालक म्हणाले, फळ्या न्या कोणाला हव्या तर. पिवळसर, गाठीगाठींच्या चार फळ्या घरी आणल्या आणि एक खिळा मारून पाहिला. दोन ठोक्यांत सरळ आत! पन्नाशीचा मी अंगणात एकटाच हसलो. म्हणजे इतकी वर्षं चूक माझी नव्हतीच, सागवानाची होती.

मग हात शिवशिवायला लागले. बाबांसाठी स्टूल करायचं ठरवलं. आयुष्यात एकदा तरी त्यांनी माझ्या कामाला बरं म्हणावं, एवढीच हाव. खरं तर त्यांचं सागवानी स्टूल ओसरीत होतंच. तरुणपणी त्यांनीच केलेलं, हत्ती बसला तरी न कुरकुरणारं. हाताचा जोर गेल्यापासून ते दिवसभर त्याच्यावरच बसत. पण सूर्यापुढे काजवा मिरवायची माझी जुनी खोड.

दोन दिवसांनी स्टूल उभं राहिलं. चारपैकी तीन पायांचं एकमत होतं. बाबांनी अंगठ्याचं नख रुतवलं, तर फळीवर खूण उमटली. मग त्यांनी लाकूड हुंगलं.

"याच्यातले सफरचंद कुठं हायेत?"

"बसून तं पाहा, बाबा."

"गाठीतून डिंक सुटते याच्या. अन् उदईले तं लगनाची पंगत हाय हे."

रागाने मीच बसलो. उठलो तेव्हा स्टूलही पँटला चिकटून माझ्याबरोबर उठलं. बायको हसून हसून आत पळाली. मी गाठी खरवडल्या, उदई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून पायांना जळकं ऑइल फासलं आणि स्टूल कोपऱ्यात ढकललं.

आता पुन्हा थंडी पडली. परवा दुपारी जेवायला घरी आलो, तर बाबा अंगणात उन्हात बसलेले. माझ्या स्टुलावर.

"कोनं आनून देलं?"

"कोन देईन? मीच आनलो." ऊन सरकलं होतं. ते उठले, एका हाताने स्टूल उचललं, चार पावलं पुढे ठेवलं आणि पुन्हा बसले. "ते सागवान आता उचलत नाई माह्याच्यानं. मांगच्या हिवाळ्यात तिथंच कुडकुडत बसून राहत होतो. घडीघडी कोनाले हाक मारायची?"

मागचा अख्खा हिवाळा मी त्यांना ओसरीच्या सावलीत बसलेलं रोज पाहत होतो. मला वाटायचं, म्हाताऱ्याला ऊन सोसत नाही.