भाजीवाल्या दाईचा निळा फोटो

सदर बाजाराच्या एका गल्लीत भाजी विकणाऱ्या म्हातारीला सगळे दाई, म्हणजे आई, म्हणतात. तिला पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, दुकानांची शटरं वर जायच्या आत, पालिकेच्या लोकांनी तिच्या जागेवरून उठवलं. टोपली ट्रकमध्ये गेली. ती पालिकेच्या कार्यालयात गेली, तर बाबू म्हणाला, तिथं कोणी बसतच नव्हतं. कित्येक वर्षं आमच्या घरी तिचीच भाजी शिजली, आणि म्हणे बसतच नव्हतं! राज्याच्या राजधानीचा रस्ता सुंदर व्हायचा होता ना.

जागा परत मिळायला एकच गोष्ट हवी होती: गिऱ्हाइकांनी येऊन सांगायचं, ती तिथंच बसायची. कोणी जाईना.

माझ्या मोबाइलमध्ये तिचा एक फोटो होता. तीच जागा, हातात मेथीची जुडी. तो गल्लीभर लावायचा, म्हणजे लोकांना लाज वाटेल, असं मी ठरवलं. फ्लेक्सवाल्यांनी फोटो पाहिला आणि सगळ्यांच्या मशीनी एकदम बिघडल्या.

मग कॉलेजच्या शिबिरात शिकलेली निळी छपाई आठवली. मोबाइलवर फोटोची निगेटिव्ह करायची, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. ती पारदर्शक फिल्मवर काढायची, रसायनांचा मसाला लावलेल्या कागदावर ठेवायची, वर काच, आणि उन्हात. धुतलं की निळा फोटो. फिल्म एक, फोटो हवे तेवढे.

चौबे कॉलोनीतल्या झेरॉक्सवाल्या भैयाला फाइल पाठवली. त्यानं गुंडाळून दिलेली फिल्म घेऊन घरी गच्चीवर पळाले. ऊन येई, ढग ते गिळे. मी कागद घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.

"काहून धावून राहिली वं?" कपडे वाळत घालता घालता आई म्हणाली. "ऊन का भाड्यानं आणलं?"

कागद धुतला. पांढरे केस गडद निळे, सावळा चेहरा पांढराफटक.

"हे कोण वं पोट्टी? दाई का तिचं भूत?"

फिल्म उजेडात धरली. निगेटिव्ह नव्हेच, सरळ फोटो! ओल्या हातांनी तशीच दुकानात गेले.

"दीदी, आपकी फाइल ही खराब थी," भैया खुशीत म्हणाला. "बाल काले, दाँत काले, चुड़ैल लग रही थी बेचारी. मैंने सीधा कर दिया."

मी भडकणार, तेवढ्यात त्याचा आवाज खाली आला. "सीधा किया तब पहचाना. ये तो अपनी दाई है. अम्मा इसी से लाल भाजी मँगवाती थीं."

"तो चलिए ना भैया, दफ़्तर में बस इतना ही बोल दीजिए."

तो मशीनकडे वळला. "दुकान है, दीदी."

मग त्यानं निगेटिव्ह काढून दिली, चांगली दाट. "उल्टा जितना चाहिए ले जाओ. उल्टे में कोई पहचानता नहीं."

त्याचा राग मला अजून आहे.

पुढं दोन दिवस ऊन पडेल तसे फोटो काढले आणि गल्लीत चिकटवले. स्कूटरी थांबायच्या. "अरे, ये तो वही है!" की परत किक. दाई कोपऱ्यावर उभी राहून बघायची. "हव नोनी," मला म्हणाली, "चिन्हथें तो सबो, कहइया कोनो नइ." हो पोरी, ओळखतात सगळे, सांगणारा कोणी नाही.

जागा अजून मिळालेली नाही. तुम्हीही तिच्याकडून भाजी घेतली आहे, भावात घासाघीस केली आहे, वर कोथिंबीर मागून घेतली आहे. फोटोपुढं मान हलवून पुढं जाऊ नका. सोमवारी कार्यालय उघडलं की या, बाबूच्या टेबलासमोर उभे राहा आणि म्हणा: ही बाई तिथंच बसायची, मी तिच्याकडून भाजी घेत होतो.