घरची बाटली

नव्या नोकरीआधीच्या तपासणीसाठी मी बिबवेवाडीतल्या एका लॅबमध्ये बसलो होतो. माझी आयटीतली पहिलीच नोकरी. शेजारच्या तरुणाचीही तीच गत. त्याच्या मांडीवर दोन बाटल्या होत्या. एक काळी, इंटरनेटवरून मागवलेली, शरीर 'स्वच्छ' करण्याची हमी देणारी. दुसरी स्टीलची, घरची. तो आळीपाळीने दोन्हींतून घोट घ्यायचा आणि नमुने घ्यायच्या खिडकीकडे बघायचा.

"मित्रांबरोबर गांजा ओढला हो, दोनदाच," मी न विचारताच तो कुजबुजला. "यातलं एक तरी लागू पडेल ना?"

"घरच्या बाटलीत काय आहे?"

"धने-जिऱ्याचं पाणी. आईला सांगितलंय, उन्हाळी लागलीय. पहाटे उठून उकळलं तिनं."

त्याचा नंबर आला. त्याने दिलेली लघवीची डबी खिडकीतल्या बाईंनी उजेडात धरली.

"अहो, नळाचं पाणी मागितलं नव्हतं. इतकं पातळ चालत नाही. उद्या परत या."

तो पांढराफटक होऊन शेजारी बसला. तेवढ्यात आईचा फोन आला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"उद्या परत बोलावलंय," एवढंच तो म्हणाला.

"बघ, म्हणजे उष्णता अजून उतरली नाही. उद्या दोन बाटल्या करून देते हं."

फोन ठेवून तो स्टीलच्या बाटलीचं झाकण लावू लागला, पण ते आट्यांवर नीट बसेना. शेवटी मी लावून दिलं. बाटली अजून कोमट होती.