संपतच्या रश्श्याची चव

संपतच्या हॉटेलात मी जेवायला का जात नाही, याचं खरं कारण आजवर कुणालाच ठाऊक नाही. बायकोला नाही, लेकीला नाही. नऊ वर्षं माझं एकच उत्तर — चव बिघडली. ते खोटं आहे. पण खरं काय, ते असं एकदम सांगता येत नाही मला. थोडं मागून यावं लागेल. कंटाळा आला तर सोडून द्या, माझी हरकत नाही.

मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. गाव पारनेरकडचं. जेवणातलं मला कळतं असा आमच्याकडं समज आहे — आणि तो बरोबर आहे, उगाच नम्रता कशाला? खोबरं नीट भाजलंय की घाईत, मसाला पाट्यावरचा की पाकिटातला, हे मी पहिल्या घासाला सांगतो. गावात कुणाकडं पाहुणे आले की मला फोन येतो — कुठं न्यावं? मी सांगेन तिकडं गाड्या वळतात.

संपत आमच्या कारखान्याचं कँटीन चालवायचा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा. तो बौद्ध. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं सगळं इथंच अडलंय. कँटीन बंद झालं तेव्हा त्यानं पुणे रस्त्याला स्वतःचं हॉटेल टाकलं. पत्र्याची शेड, आठ टेबलं, पडदा लावलेली एक फॅमिली रूम. त्याची बायको शोभा मागं चुलीवर बाजरीच्या भाकरी थापायची. काउंटरच्या मागं, बौद्ध घरात असतात त्या दोन तसबिरी. पहिल्या दिवशी पहिल्या टेबलावर मी बसलो होतो. नंतर अख्खं स्टोअर नेलं, मग गावातले. संपत सगळ्यांदेखत म्हणायचा, "दादा, तुमच्या जिभेवर माझं हॉटेल उभं हाय बरं का! सर्दी-बिर्दी हू देऊ नका." आणि मला ते आवडायचं. फार आवडायचं.

मग वैशालीचं, माझ्या मुलीचं, जमत आलं. मुलगा तिसगावचा. बघण्याचा कार्यक्रम झालेला, पसंती कळलेली, फक्त बैठक राहिली होती. मुलाचे वडील भगवानराव आणि त्यांच्याकडचे तिघं पुण्याला गेले होते. येताना वाटेत माझ्याबरोबर जेवायचं ठरलं. भगवानरावच फोनवर म्हणाले, "तुमी जेवनातले दर्दी म्हनं. तुमी नेताल तिथं."

दुसरीकडं नेता आलं असतं. रस्त्यावर हॉटेलं काय कमी आहेत? मग का नाही नेलं? कारण भागातला सगळ्यात चांगला रस्सा मला त्यांना खिलवायचा होता — आणि तो कुणी केलाय, हे कळू द्यायचं नव्हतं. दोन्ही हवं होतं मला.

मी तासभर आधी गेलो. तयारी बघायला, असं संपतला सांगितलं. तो मागं चुलीपाशी होता. हॉटेल रिकामं. मी काउंटरमागं गेलो, स्टुलावर चढलो आणि त्या दोन्ही तसबिरी खिळ्यावरून उतरवल्या. मागच्या खोलीत नेऊन कांद्याच्या गोण्यांआड ठेवल्या. येताना घरून देवाचं कॅलेंडर आणलं होतं — होय, घरून, म्हणजे हे आदल्या दिवशीच ठरलं होतं — ते तिथं लावलं. दोन तसबिरींची जागा एका कॅलेंडरनं झाकली जात नाही. कडेला भिंतीचा न काळवंडलेला पट्टा राहिलाच.

वळलो तर दारात शोभा. हातात परात. कधीपासून उभी होती, मला माहीत नाही. परात घेऊन परत चुलीपाशी गेली.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच थांबायचं. थांबलो नाही.

मंडळी आली, बसली. रस्सा असा झाला होता की कुणी बोलेना. भगवानरावांनी तिसरी भाकरी मागून घेतली. संपत स्वतः ती घेऊन आला आणि नेमकं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "झ्याक जेवान हाय, पाव्हनं. हॉटेल कुनाचं म्हनायचं हे?"

आमच्याकडं हा प्रश्न कशासाठी विचारतात, ते तुम्हालाही माहीत आहे. मला नाव सांगता आलं असतं. नुसतं नाव, त्यापुढं काही नाही. मी म्हणालो, "आमच्याच भावकीतला हाय."

संपतच्या हातात भाकरी तशीच होती. त्यानं काउंटरमागच्या भिंतीकडं एकदा पाहिलं. मग भाकरी भगवानरावांच्या ताटात ठेवली आणि म्हणाला, "व्हय. दादा थोरले माझे. आमची वैशू लई गुनाची हाय, डोळं झाकून न्या." कँटीनमध्ये माझ्याबरोबर यायची तेव्हा वैशालीच्या हातावर तो शेंगदाण्याची चिक्की ठेवायचा. तिच्यासाठी बोलला तो. माझ्यासाठी नाही.

मंडळी हात धुवायला बाहेर गेली. संपतनं गोण्यांमागून तसबिरी काढल्या आणि खांद्यावरच्या टॉवेलनं पुसल्या. माझ्याकडं न बघता म्हणाला, "दादा, तुमी इचारलं असतं तर मी न्हाई म्हनलो असतो. म्हनून इचारलं न्हाई ना?" टॉवेल परत खांद्यावर टाकला. "पोरगी चांगल्या घरात पडंल. जावा आता तुमी."

लग्नाची पत्रिका त्याला पोस्टानं पाठवली. रोज ज्याच्या दारावरून जातो, त्याला — पोस्टानं. तो आला नाही. बायकोनं विचारलं, तर म्हटलं, हॉटेल सोडून कसा येईल?

एवढंच असतं तर भित्रेपणा म्हणून लिहिलं असतं. पण पुढचं जास्त वाईट आहे. भगवानराव प्रत्येक फेरीला म्हणू लागले, चला आपल्या भावकीतल्या हॉटेलात. मी म्हटलं, आता चव बिघडली. मग तेच बायकोला. तेच स्टोअरमध्ये. गावातून फोन आला, तर तेल कसलं तरी वापरतो, मटण ताजं नसतं, असंही सांगितलं. मी तिथं पाऊलही टाकत नव्हतो! पण मी सांगितलं आणि लोकांनी ऐकलं. आमच्या गावच्या गाड्या बंद झाल्या, मग आजूबाजूच्या. काहींना ते कारण हवंच होतं. इतके दिवस बोटं चाटून जेवत होते, आणि मनात कुठं तरी टोचत होतं; मी त्यांना तोंडानं सांगता येईल असं निमित्त दिलं. गावकऱ्यांनो, राग आला? येऊ द्या. फोन करून शिव्या द्या, पण मी खोटं लिहिलंय असं म्हणू नका.

आणि भगवानराव, तुम्हीही हे वाचाल. वाचा. ती तिसरी भाकरी तुम्ही मागून घेतली होती. वैशाली, तुझ्या सासऱ्यांना मी काय सांगितलं होतं ते आता तुला कळलं. मला काय म्हणायचं ते म्हण.

गेल्या रविवारी दुपारी मी संपतच्या हॉटेलात गेलो. आठ टेबलांची पाच झालीत. फॅमिली रूमचा पडदा नाही. तसबिरी आहेत, आता त्या खिळ्यावर टांगलेल्या नाहीत. प्रत्येकीला चारी कोपऱ्यांत स्क्रू मारून भिंतीत पक्क्या बसवल्यात.

संपत आला. केस पांढरे झालेत. पाण्याचा ग्लास ठेवला आणि विचारलं, "भाकरी कशाची आणू, साहेब? बाजरीची का ज्वारीची?"

बाजरीची, म्हटलं.

जेवलो. खोबरं नीट भाजलेलं, मसाला पाट्यावरचा. चव तीच आहे. नऊ वर्षं तीच होती.