टाळूची किल्ली

मोठीआई दुधावर, दूधवाल्यावर आणि दूध उतू जाताना जवळपास जो कोणी उभा असेल त्याच्यावर सारखाच संशय घ्यायची. ती माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. मोठेबाबा गेल्यावर ती नंदनवनला आमच्याकडे राहायला आली. तिचा मुलगा, आमचा दादा, बायकोसह खापरखेड्याला वीज केंद्राच्या वसाहतीत राहतो, पण तिकडे जायला ती तयार नव्हती. "तिथं दोघंही कामाले जाते," ती म्हणायची. "मी लक्ष कोणावर ठेवू?"

कळमन्याच्या बाजारात बाबांबरोबर संत्री घ्यायला गेली की ती पेटी उलटी करून दाखवायला लावायची. वरची फळं दाखवायची आणि खालची खायची, असा तिचा सिद्धांत होता. एकदा एक व्यापारी वैतागून म्हणाला, "काकू, इतका शक तं लोक पोरगी पाहाले जाते तेव्हाबी नाही करत."

"म्हणूनच तं फसते," मोठीआई म्हणाली आणि तळातलं एक संत्रं नाकाशी धरून हुंगत राहिली.

मी सातवीत असताना तिच्या संशयाला एक नवीन विषय मिळाला. माझा वरचा जबडा अरुंद होता, दातांना जागा पुरत नव्हती. दाताच्या डॉक्टर मॅडमनी एक प्लेट बनवून दिली. टाळूवर बसणारे गुलाबी प्लास्टिकचे दोन भाग आणि त्यांच्या मधे एक बारीक स्क्रू. स्क्रूच्या भोकात तारेची किल्ली घालून बाणाच्या दिशेने फिरवली की दोन्ही भाग केसभर दूर सरकायचे. असा हळूहळू जबडा रुंद होणार होता. जेवताना आणि दात घासताना प्लेट काढायची, बाकी दिवसरात्र तोंडात. काढली की डबीतच ठेवायची, मऊ ब्रशने धुवायची, आणि गरम पाणी अजिबात लावायचं नाही.

"हे वाढीच्या वयातच जमतं," मॅडम म्हणाल्या. "आता राहून गेलं तर पुढे ऑपरेशन."

मी ऑपरेशन हा शब्द घरापर्यंत मनात धरून आणला. मोठीआईने दुसराच शब्द धरला होता. ऑटोत बसल्याबसल्या ती म्हणाली, "साऱ्या जगाचे जंतू गरम पाण्यानं मरते. हिच्याच प्लेटीले गरम पाणी काहून नको?"

किल्ली तिने आपल्या ताब्यात घेतली आणि कपाटाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. सोमवार आणि शुक्रवार हे किल्लीचे वार. मला खिडकीपाशी बसवून ती चष्मा लावायची, वर टॉर्च धरायची, आधी बाण दिसतो का ते पाहायची आणि मगच किल्ली फिरवायची. "दुखते का?" असं विचारायची. नाही म्हटलं तर तिला स्क्रू हललाच नाही असं वाटायचं. हो म्हटलं तर मॅडमला काही येत नाही असं वाटायचं. त्यामुळे मी "थोडंसं" म्हणायला शिकले. त्यावर मात्र ती माझ्याकडेच रोखून पाहायची.

प्लेटमुळे माझा स बिघडला. शाळेत हजेरीला "येस मॅम" म्हटलं की मागच्या बाकावरून कोणीतरी तसंच म्हणून दाखवायचं. मी आधीही फार बोलत नव्हते. आता मी हजेरीला नुसता हात वर करू लागले. पण प्लेट काढली नाही. ऑपरेशनची भीती हसं होण्याच्या भीतीपेक्षा मोठी होती.

मोठीआईला हे कसं पटणार? तिने तपासाची एक पद्धत काढली. शाळेतून आले की दारातच अडवायची. "बोल, संत्री सोलून ठेवली." मी ते वाक्य म्हणायचे. स जिभेला अडखळला तर आत जाता यायचं. शिकवणीला पोचल्याचा फोन केला तरी तिकडून तेच. मैत्रिणी शेजारी उभ्या, आणि मी तोंडावर हात धरून, भिंतीकडे वळून, संत्री सोलून ठेवल्याचं सांगते आहे. "हां, आहे तोंडात," असं म्हणून ती फोन ठेवायची.

मीही तिच्यावर लक्ष ठेवून होते. जेवून उठले की कधीकधी डबी मी ठेवली तशी नसायची. झाकणाची कडी दुसरीकडे वळलेली, किंवा आत पाण्याचा थेंब. ती माझ्या मागे माझी झडती घेते अशी माझी खात्री होती. मी कोणाला काही बोलले नाही. फक्त डबी कुठे, कशी ठेवली ते बघून ठेवायला लागले.

मग एक दिवस दुपारी जेवणानंतर प्लेट बसेना. एका बाजूने दाबली की दुसरीकडून उचलायची. दोन दिवस मी ती बोटांनी दाबून बसवायचा प्रयत्न केला, शेवटी आईने पाहिलं. बाबा मला घेऊन दवाखान्यात गेले, मोठीआईही आली. मॅडमनी आरसा तोंडात घालून विचारलं, "घालत नाहीस ना? खरं सांग. न घातल्यावरच असं होतं."

तोंडात आरसा होता म्हणून मला बोलता आलं नाही. आरसा काढल्यावरही आलं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांनी तिथेच लावून टाकला.

घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "हिला करायचंच नाही तर बंद करू हे सगळं. पुढे ऑपरेशन करावं लागलं तर करेल. शिकेल मग."

"थांबा भाऊजी," मोठीआई म्हणाली. "पोट्टी घालत होती."

"तुम्हाला काय माहीत, वहिनी?"

"रोज ऐकलं नं म्या. हिले संत्री म्हणता येत नव्हतं. काढून ठेवली असती तं बरोबर म्हटलं असतं. हे दुसऱ्या कोणाचं काम आहे."

माझी बाजू घेणारं घरात कोणी असेल, तर ती मोठीआई असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि तिचा तपास सुरू झाला. भांडीवालीला विचारलं, डबी पाडली का. आईला विचारलं, काही जड ठेवलं का. बाबांनाही सोडलं नाही. "भाऊजी, तुम्ही तं नाही बसले त्याच्यावर?"

"वहिनी, मी कशाला बसू?"

"मुद्दाम कोण बसते?"

शेवटी ती माझ्याकडे वळली. "कवापासून नाही बसत?"

"मंगळवारपासून," मी म्हणाले. "दुपारी जेवले, त्याच्यानंतर."

मोठीआई स्वयंपाकघरात गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात पाणी उकळायचं लहान पातेलं होतं. ते तिने बाबांसमोर टेबलावर ठेवलं.

"मंगळवारी गल्लीत कावीळ निघाली असं ऐकलं," ती म्हणाली. "घरातलं सारं उकळून काढलं. ही जेवून राहिली होती, तवा हिची प्लेटबी टाकली याच्यात."

"अहो, मॅडमनी नको सांगितलं होतं ना!" आई म्हणाली.

"म्हणूनच तं टाकली. आधी साध्या पाण्यानं धुवून पाहत होती, हिच्यावर भरवसा नव्हता म्हणून. पण ती बाई नको म्हणते म्हणजे काहीतरी लपवते, असं वाटलं मले. साऱ्याइले इचारलं. मलेच इचारायचं राहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी ती नेसून तयार झाली आणि मला घेऊन दवाखान्यात गेली. बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने मॅडमना सांगितलं, "पोरीले खोटारडी म्हणू नका. चोर मी आहे." नवीन साचा घेतला, नवीन प्लेट आली, उपचार पुढे चालू राहिले. ऑपरेशन टळलं. त्यानंतर मोठीआईने प्लेटला कधी हात लावला नाही. मी बेसिनवर ती धुवायला लागले की मागे येऊन उभी राहायची, दोन्ही हात पाठीशी धरून.

आता ती खापरखेड्याला असते. गुडघे गेले, दादा येऊन घेऊन गेला. तिचे दातही गेले, कवळी आली. मी नोकरीतून सुटी मिळाली की जाते. गेल्या खेपेला जेवण झाल्यावर दादाची बायको, म्हणजे आमची वहिनी, कवळी धुवायला मागत होती, तर ही डबी पदराखाली धरून बसलेली.

"अगं, वहिनी करते ना चांगलं," मी म्हणाले.

"चांगली आहे वं. चांगल्या माणसावर जास्तच लक्ष ठेवा लागते."

वहिनी हसून निघून गेली. मोठीआईने तोंड भिंतीकडे वळवून कवळी काढली, डबीत ठेवली आणि डबी माझ्या हातात दिली. "तू धू."

मी नळ सोडला. मागून चपलांचा आवाज आला. मला वळून पाहायची गरज नव्हती.

"संशय नाही घेऊन राहिली वं," ती म्हणाली. "सहज उभी आहे." दात नसल्यामुळे त्या वाक्यातला एकही स जागेवर नव्हता.

तिने पुढे होऊन नळाच्या धारेखाली बोट धरलं. पाणी गार होतं. बोट पदराला पुसून ती बाहेर जाऊन बसली.